एका घोंगडीखाली

चिखलीच्या पलीकडे, इंद्रायणीच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या माणसांना पोटाला कमी पडलेलं चालतं, मानाला कमी पडलेलं चालत नाही. चैत्रात जत्रेची पालखी उठली की तिथे उखळी बार उडवतात. लोखंडी उखळीत बंदुकीची दारू ठासायची, वर विटेचा चुरा दाबायचा, लांब काठीला बांधलेला पेटता काकडा लावायचा आणि कान झाकून मागे पळायचं. आवाज नदीपार आळंदीच्या रस्त्यापर्यंत जातो. त्यातला पहिला बार दौलतरावांच्या घराण्याचा की रंगरावाच्या, यावर तीन पिढ्या डोकी फुटत आली होती. देव बिचारा पालखीत बसून वाट बघायचा.

त्या वर्षी डोकी फुटण्यावर भागलं नाही. दौलतरावांचा एकुलता एक मुलगा लक्ष्मण काकडा घेऊन उखळीवर वाकला होता. रंगरावानं दारू ठासायचा लोखंडी गज उचलला आणि मागून त्याच्या डोक्यात घातला. तो खाली पडल्यावर आणखी दोनदा घातला. सगळ्या जत्रेनं पाहिलं. लक्ष्मणची बायको विमल नैवेद्याचं ताट घेऊन दहा हातांवर उभी होती, तिनंही पाहिलं. मग पुण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि वाडीच्या लोकांना एकदम काही दिसेनासं झालं. कुणी म्हणालं, फार धूर होता. कुणी म्हणालं, मी तेव्हा नारळ फोडत होतो. राहिली बायकोची साक्ष. ती नवऱ्याच्या बाजूनं बोलणारच, असं म्हणून वकिलानं उडवून लावली. रंगराव सुटला. सुटल्याबद्दल त्यानं देवळापुढे पेढे वाटले आणि लोकांनी ते खाल्ले. अशी ही वाडी.

दौलतरावांच्या घरात मग दोनच माणसं उरली, म्हातारा आणि सून. सासू आधीच गेली होती. विमलच्या माहेरी आईबाप नव्हते आणि भावानं 'ये' म्हटलं नाही. पण दौलतरावांनी तिला एका शब्दानं कधी दुखवलं नाही. पहिली भाकरी ते तिच्या ताटात टाकायला लावायचे. लोक काय म्हणतील हे एरवी उठता-बसता बोलणारा माणूस, पण सुनेच्या बाबतीत त्यांनी लोकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. विमलला सख्ख्या बापापेक्षा त्यांचा लळा होता, आणि म्हणूनच तिला सकाळ नकोशी व्हायची. कारण रोज सकाळी म्हातारा अंगणात दगडावर पाणी शिंपडून कुऱ्हाडीला धार लावायचा. काय करायचंय ते कुणालाच सांगायची गरज नव्हती. रंगराव मरेल, मामा फासावर जातील, आणि मग या घरात मी भिंतींशी बोलायचं, एवढंच तिला त्या धारेच्या आवाजात ऐकू यायचं.

त्याच सुमारास सोपानतात्या वाडीला परत आले. पुण्याला शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन माणूस गाय घेतो, नाहीतर तीर्थयात्रेला जातो. तात्यांनी नदीकाठच्या आपल्या मळ्यात पत्र्याची शेड उभी केली आणि वर पाटी लावली : 'सजीव निसर्ग व विज्ञान संग्रहालय'. आत काचेच्या पेटीत धामण, तारेच्या जाळीमागे घोरपड, हौदात कासवं, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि एका बाजूला काचेच्या भिंतींची, पाळीव सातेरी मधमाश्यांची पेटी. वाडी हसली. बांधावर फुकट दिसतं ते बघायला कोण येणार, म्हणाली.

पण लोक आले. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता. तिथले कामगार, देहूरोडच्या छावणीतले बाबू, रविवारी सायकलीवर पुढे पोर आणि मागे बायको बसवून यायचे. तात्यांनी रविवारचा कार्यक्रम आखला होता. आधी इंद्रायणीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकातून दाखवायचा. तो पाहिल्यावर बायका महिनाभर पाणी गाळून प्यायच्या. मग धामणीला उंदीर. तेव्हा गर्दी एवढी पुढे रेटायची की तात्यांना काठी आडवी धरावी लागे. माणसाला मरण बघायला आवडतं, दुसऱ्याचं असेल तर. शेवटी माश्यांची पेटी.

ती पेटी विमलकडे आली. एका रविवारी ती सहज गेली आणि काचेसमोर दिवस मावळेपर्यंत उभी राहिली. तिथल्या हजारो जीवांपैकी एकालाही तिची कीव येत नव्हती, आणि वर्षभरात तिला एवढं बरं कुठे वाटलं नव्हतं. तात्यांनी विचारलं, "शिकशील?" दौलतराव म्हणाले, "जा. घरात बसून माझं त्वांड किती बघशील?" चार-सहा महिन्यांत ती पेटी उघडायला शिकली, धुराचं मडकं फुंकायला शिकली आणि पन्नास माणसांसमोर न अडखळता बोलायला शिकली.

"ही राणी. ह्या कामकरी," ती काचेवर बोट ठेवून सांगायची. "माशी उगा डसत न्हाई. डसली, तर नांगी अंगात रुतून तुटती, अन् माशी मरती. तिला एकदाच मारता येतं."

कुणीतरी दर रविवारी विचारायचंच, "मग मारते कशाला?"

"पोळं वाचवायला."

एकदा दौलतरावही मागे येऊन बसले होते. घरी जाताना म्हणाले, "मर्दाची जात हाय, पोरी." विमलला ते आवडलं नाही.

शेडपुढच्या पटांगणावर जुना वड होता. पावसाळा सरला की त्याला आग्या मोहोळं लागत, एकेक सुपाएवढं. या माश्या पेटीत राहत नाहीत आणि कुणाचं ऐकत नाहीत. त्यांच्याखाली दगड नाही, धूर नाही, वाद्य नाही, हा तात्यांचा कायदा होता. खांबाला एक जाड धनगरी घोंगडी कायम टांगलेली असे, आणि कार्यक्रमात तात्या ती पाहुण्यांना पांघरायला लावत. माश्या उठल्या तर पळायचं नाही, घोंगडी ओढून जमिनीला चिकटून निपचित पडायचं. "दोघं सहज मावतात," ते म्हणत. "जवळ जो असेल त्याला आत घ्यायचं. ओळख नंतर." लोक हसत. नवराबायको पुढे आली तर जास्तच हसत.

माघात तात्यांना निरोप आला. शिक्षणखात्याचे एक मोठे साहेब संग्रहालय बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं, तर तालुक्यातल्या शाळांच्या सहली इकडे येणार. तात्या आनंदानं वेडे झाले, आणि त्याच संध्याकाळी वाडीनं त्यांचा आनंद उतरवला. सरकारी साहेब पहिल्यांदाच वाडीत येतोय, तर बार उडवल्याशिवाय कसं चालेल? आणि बार उडवायचा, तर पहिला कुणाचा?

देवळात बैठक बसली. तात्या हात जोडून म्हणाले, "अहो, डोक्यावर मोहोळं आहेत. एक बार उडाला तर साहेब राहू द्या, आपल्यातलं कोण वाचेल सांगता यायचं नाही."

रंगराव भिंतीला टेकून बसला होता, मिशीला तूप लावून. "माशीला भ्यायची वेळ आली का आता वाडीवर?" तो म्हणाला. मग सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर, "बरं, ऱ्हायलं," एवढं बोलला.

त्या वेळी विमल पुढे आली. बैठकीत बाई बोलत नसते. तीही आधी बोलली नाहीच. देवापुढच्या वाटीतला भंडारा तिनं मूठभर उचलला आणि सासऱ्यासमोर हात धरला. भंडारा उचलून घेतलेली शपथ त्या भागात कुणी मोडत नाही. मोडली तर कुळ बुडतं.

"मामा, उचला," ती म्हणाली. "बार उडवनार न्हाई म्हना. अन् रंगरावावर हत्यार धरनार न्हाई म्हना."

दौलतरावांनी सुनेकडे पाहिलं. मग तिच्या तळहातावरचा भंडारा उचलला. "बार उडवनार न्हाई. हातात हत्यार धरनार न्हाई."

वाटी रंगरावाकडे गेली. त्यानं तिला बोट लावलं नाही. "मी बरं म्हनलोय की," तो म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी अंगणात धारेचा आवाज आला नाही. विमलनं देवाला साखर ठेवली. तिला वाटलं, सुटलो.

साहेब आले त्या दिवशी मळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांना नवे सदरे, बायकांना ठेवणीतली लुगडी. कारखान्यातले लोकही रजा टाकून आले होते. साहेब बुटका, हसरा माणूस होता. त्यांनी थेंब पाहिला, कासवाला हात लावला, आणि काचेच्या पेटीसमोर विमलला इतके प्रश्न विचारले की तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार चांगलं," साहेब म्हणाले. "पोरांनी हे पाहिलंच पाहिजे." मग सगळे वडाखालच्या पटांगणात हारतुऱ्यांसाठी आले.

दौलतराव रिकाम्या हातानं एका दगडावर बसले होते. रंगराव दिसत नव्हता. कसा दिसेल? तो शेडच्या मागल्या बांधाआड आपली उखळी पुरून बसला होता. दौलतरावानं भंडारा उचललाय, म्हणजे यंदा पहिला बार फुकटात पदरात पडतोय, एवढाच हिशोब त्या डोक्यात शिरला होता. तात्यांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला, आणि रंगरावानं काकडा लावला.

जमीन हादरली. पत्र्याची शेड खणखणली. बांधाआडून रंगराव ओरडला, "पयला मान आमचा!"

मग वडातून एक आवाज आला. आधी कुणाला कळलंच नाही तो कशाचा. मोहोळं फांद्यांवरून सुटली आणि पटांगणावर अंधारून आलं.

पुढचं सांगायला जीव धजत नाही. माणसं माणसांवरून धावली. एका बाईनं लुगडं फेडून पोराला गुंडाळलं आणि स्वतः उघडी पडून राहिली. साहेबांना चौघांनी उचलून जीपमध्ये कोंबलं. जीप सुरू झाली ती एकाच्या पायावरून गेली. गाडीला जुंपलेला एक बैल जोखडासकट उधळला, विहिरीच्या कठड्यावर आपटला आणि तिथंच पाय झाडत राहिला. त्याच्या डोळ्यांवर, नाकपुड्यांत माश्यांचा काळा थर होता. जे पळाले त्यांच्यामागे माश्या नदीपर्यंत गेल्या. ज्यांनी पाण्यात बुडी मारली ते श्वासाला वर येईपर्यंत माश्या वर थांबल्या. इतक्या रविवारी घोंगडी पांघरून हसलेल्या माणसांपैकी एकालाही तात्यांचा धडा आठवला नाही.

विमलला आठवला. तिनं खांबावरची घोंगडी ओढली, दगडावर बसलेल्या सासऱ्याला खाली लोटलं आणि वरून झाकलं. "हलू नका, मामा. काय बी झालं तरी हलू नका." तिच्या स्वतःच्या मानेत, कानांत नांग्या रुतत होत्या. ती धुराचं मडकं उचलायला वळली, तोच बांधावरून रंगराव रांगत आला.

बंदुकीच्या दारूचा वास त्याच्या अंगाला लागला होता, म्हणून माश्या सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्याच्यावर बसल्या होत्या. डोळे सुजून मिटले होते. "आई गं, मेलो गं," एवढंच तो पोरासारखा म्हणत होता. विमलच्या पायाशी येऊन तो कोसळला.

तिनं पाहिलं. ज्या हातानं गज उचलला तो हात माती खरवडत होता. मर, असं तिला वाटलं. मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटलं, मर, माझ्यासमोर मर, मला बघायचंय. ती तशीच उभी राहिली. पण चैत्रातलं दुसरं काही तिला आठवेना. फक्त जमिनीवर पडलेलं माणूस आणि भोवती उभे राहून बघणारे लोक, तेवढेच आठवले. त्या बघणाऱ्यांत आपण जायचं नाही, असं तिला वाटलं. तिनं शिवी घातली, रंगरावाच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, घोंगडीची कड उचलली आणि त्याला आत सारलं. मग मडक्यातल्या शेण्या फुंकत ती त्या उघड्या पडलेल्या बाईकडे धावली.

माश्या शांत व्हायला बराच वेळ गेला. विमलचा एक डोळा मिटला होता. तिनं येऊन घोंगडी उचलली.

दौलतराव उठून बसले. त्यांना चार-दोन नांग्या लागल्या होत्या, बाकी धडधाकट होते. रंगराव उताणा पडला होता. जीभ बाहेर आली होती. चेहरा सुजलेला, पण गळ्यावर एकही नांगी नव्हती. तिथे दहा बोटं उमटली होती.

विमलनं सासऱ्याच्या हातांकडे पाहिलं.

"आत आला, पानी मागत हुता," दौलतराव हलक्या आवाजात म्हणाले. "मला वळखलं न्हाई त्यानं. मी वळखलं." मग त्यांनी दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. "शपथ मोडली न्हाई, पोरी. हातात हत्यार नव्हतं."

तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की ते हात चावावेत असं वाटलं. पण नदीकडून माणसं परत येत होती. तिनं रंगरावाचं उपरणं ओढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि आपला पदर नीट केला.

रंगरावाचे भाऊबंद आले. सुजलेली तोंडं, त्यात एक मढं. त्यांनी एकच आकांत केला, आणि मग त्यातल्या एकानं काकडा पेटवला. "जाळा त्या वडाला! जाळा हे सगळं!" बघता बघता दहा-बारा काकडे पेटले. कुणी शेडच्या दाराला लाथ घातली, काचेची पेटी खाली ओढली. तात्या आडवे झाले, तर त्यांना दोन काठ्या बसल्या आणि ते वडाच्या मुळावर पडले.

"बार रंगरावानं उडवला!" तात्या पडल्या पडल्या ओरडत होते. "माश्यांचा काय दोष?"

"मानूस मारला त्यांनी!"

"विमल," तात्या म्हणाले, "तू होतीस इथं. तू सांग काय झालं."

सगळे तिच्याकडे वळले. काकड्यांचं तेल टपटपत होतं. फुटलेल्या पेटीतून सातेरी माश्या जमिनीवर सांडत होत्या, आणि त्या कुणालाही डसत नव्हत्या. विमलनं वडाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"माश्यांनीच मारलं," ती म्हणाली.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. काकडे वडाकडे निघाले.

"थांबा."

दौलतराव उभे राहिले होते. त्यांनी वाकून मढ्याच्या गळ्यातलं उपरणं काढलं आणि लांब भिरकावलं. "नीट बघा. माश्यांनी न्हाई. म्या मारला. हे हात बघा अन् हा गळा बघा."

"मामा, गप ऱ्हावा!" विमल किंचाळली. "डोकं फिरलंय त्यांचं, ऐकू नका—"

"डोकं जाग्यावर हाय. माझ्या लक्ष्मनाचा सूड माश्यांनी घेतला, आसं उद्या वाडी म्हनंल. का म्हनू द्यायचं? त्यो मान माझा हाय."

विमल त्यांच्या अंगावर धावून गेली. सून सासऱ्याच्या अंगावर धावून गेलेली त्या वाडीनं कधी पाहिली नव्हती. ती दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारत होती. "मान! मान! अन् माझं काय, मामा? माझं कोन हाय दुसरं?"

म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तेवढ्यात भाऊबंदांनी काकडे टाकले आणि काठ्या उचलल्या. वडाचं सगळ्यांनाच विसरायला झालं. पोलीस येईपर्यंत त्यांनी दौलतरावांचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला होता. दौलतराव एकदाही ओरडले नाहीत, आणि त्याचंही वाडीत पुढे कौतुक झालं.

खटला लवकर संपला. या वेळी धूर नव्हता, कुणी नारळ फोडत नव्हतं. कोर्टात सगळ्या वाडीला सगळं दिसलं. येरवड्याला फाशी झाली. विमल शेवटची भेटायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "लोक काय म्हनत्यात?" ती म्हणाली, "चांगलंच म्हनत्यात." त्यांना बरं वाटलं.

शाळांच्या सहली काही आल्या नाहीत. पण रविवारची गर्दी मात्र दुप्पट झाली. लोक आधी घोंगडी कुठे होती ते विचारत आणि मग थेंब बघत. तात्यांनी नवी काच बसवली. माश्या थोड्या उरल्या होत्या, त्यांनी पुन्हा पोळं धरलं.

एका रविवारी विमल काचेवर बोट ठेवून सांगत होती. राणी, कामकरी, नांगी. पिंपरीच्या कारखान्यातला एक जण पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "बाई, एकदा मारली की मरते, तर मारते कशाला?"

विमलनं बोट काचेवरून काढलं नाही.

"पोळं वाचवायला म्हनत्यात," ती म्हणाली. "पर त्या पोळ्यात मागं कोन ऱ्हायलं, ते बघायला ती ऱ्हात न्हाई."